पन्नास मिनिटांचं अंतर

दुशान्बेहून खोरोगला विमानानं किती वेळ लागतो, असं कुणी विचारलं की नुक्रा उलट विचारायची, "कुठल्या दिवशी?" लोकांना ती थट्टा वाटायची. तिच्या मनात थट्टा नसायची. दुशान्बेच्या विमानतळावर ती नऊ वर्षं हेच काम करत होती. प्रत्येक उड्डाणाआधी अंतर, वारा, वजन आणि इंधन यांचा मेळ घालायचा आणि तो कागद वैमानिकाच्या हाती द्यायचा. नकाशावर सरळ रेघ ओढली तर खोरोग अडीचशे किलोमीटरच्या आसपास. पण सतरा जणांच्या त्या छोट्या विमानाला डोंगरांवरून जाता येत नाही, डोंगरांमधून जावं लागतं. नदी वळेल तसं वळावं लागतं. शेवटच्या टप्प्यात दोन्ही बाजूंचे कडे विमानाच्याही वर राहतात, आणि पुढचं डोळ्यांना दिसेनासं झालं तर वैमानिकानं मागं फिरायचं असतं. आभाळ मोकळं असेल तर पन्नास मिनिटं. नसेल तर दोन दिवस, चार दिवस, कितीही. रस्त्यानं पंधरा-सोळा तास, तेही रस्ता जागेवर असेल तर.

त्या पन्नास मिनिटांच्या दुसऱ्या टोकाला तिचे वडील होते.

नियाजशो खोरोगच्या विमानतळावर हवामान पाहायचे. आभाळाचे मनातल्या मनात आठ भाग करायचे आणि त्यांतले किती ढगांनी झाकलेत ते दुशान्बेला आणि येणाऱ्या वैमानिकाला कळवायचे. त्या आकड्याच्या शेवटी एक वाक्य असायचं. "खोरं उघडं आहे, या." किंवा नुसतंच, "खोरं बंद." निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी सवय सुटली नव्हती. घर विमानतळामागच्या चढावर. विमानाचा आवाज आला की हातातला चहाचा वाडगा तसाच ठेवून ते अंगणात जायचे आणि चाकं जमिनीला लागेपर्यंत आत यायचे नाहीत. विमान उशिरा असेल तर खाली फाटकाशी जाऊन उभे राहायचे. नुक्रा त्यांना दुशान्बेला बोलावून बोलावून थकली. "मी इथून हललो तर तुझी विमानं मोजणार कोण?" एवढंच ते म्हणायचे. नऊ वर्षांत एकदाही आले नाहीत.

मंगळवारी सकाळी धाकट्या भावाचा, अलिफबेकचा फोन आला. बाबांनी चहा घेतला, जरा पडतो म्हणाले, आणि उठलेच नाहीत.

"मी येते," नुक्रा म्हणाली. "पन्नास मिनिटांत."

"आपा, इथून समोरचा डोंगर दिसत नाहीये."

"आठात किती?"

"मला काय कळतंय त्यातलं? ते बाबा सांगायचे." तो खिडकीशी गेला असावा. "सगळं पांढरं आहे."

पाच मिनिटांनी खोरोगचा अहवाल तिच्याच टेबलावर आला. आठातले आठ. त्या दिवशीचं उड्डाण होणार नाही, हे तिनं स्वतःच्या हातानं लिहिलं आणि सही केली. रस्त्याची चौकशी केली. कलाई-खुम्बच्या पुढे दरड आली होती. तिकडची माणसं माती द्यायला थांबत नाहीत. सूर्य मावळायच्या आत सगळं उरकलं. बुधवारीही खोरं बंद राहिलं. ती दोन्ही दिवस कामावर गेली, कारण ढग हटल्याचं सगळ्यात आधी कळलं असतं ते तिथंच.

गुरुवारी सकाळी आभाळ फाटलं. तिसरा दिवस. संध्याकाळी घरात दिवा लागायचा होता. तो लागेपर्यंत गेलेला माणूस घरातच असतो, आणि दिव्यानंतर आपल्या वाटेनं जातो, असं तिकडे मानतात. नुक्रा ते मानत होती असं नाही. पण चेहरा पाहायला मिळाला नव्हता, निदान दिव्याला तरी पोचायचं, एवढं तिनं धरून ठेवलं होतं.

निघताना समोरच्या दारातल्या रझिया खालाला किल्ली दिली. खालानं तीस वर्षं शहरात ट्रॉलीबस चालवली होती. नवरा गेलेला, मुलगा दूर परदेशात. दिवसभर दाराची कडी न लावता बसायची. जिन्यावर कुणाची पावलं वाजली की बाहेर यायची.

"कुठं गं एवढ्या सकाळी?"

"खोरोगला. वडील..." तिनं पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. "बरं नाही त्यांना."

"जा, जा. कुंड्यांना पाणी घालते मी. मेल्या तर माझ्या नावानं बोंबलायचं नाही. मागच्या वेळची तुळस आधीच अर्धी गेलेली होती."

विमान वेळेवर सुटलं आणि वेळेवर उतरलं. बरोबर पन्नास मिनिटं. खोरोगला वारा होता, धावपट्टीवरची माती उडत होती. परत जाणारे प्रवासी फाटकाशी बोचकी घेऊन उभे होते. नुक्रानं ओढणी तोंडावर ओढली आणि मान खाली घालून त्यांच्यातून वाट काढली. गर्दीत कुणाच्या तरी बाहीचं जाडंभरडं कापड तिच्या हाताला घासून गेलं. ती "माफ करा" म्हणाली आणि पुढे झाली. पलीकडे अलिफबेक उभा होता. त्याची दाढी वाढली होती.

घरात बायका सकाळपासून गहू आणि मटण घोटत होत्या. मोठ्या कढईत ते रटरटत होतं. दाराजवळच्या ओट्यावर सवसनआत्या बसली होती, वडिलांची थोरली बहीण. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होते. तिनं नुक्राचा चेहरा हातांनी चाचपला, नाकाशी येऊन थांबली.

"आलीस. वाळलीस. शहरात काय कागद खाता काय?"

"आत्या, मला बाबांना पाहायचं होतं."

"त्यालाही तेच हवं होतं," आत्या म्हणाली. "बस. चहा घे."

कोपऱ्यात वडिलांची गादी अजून अंथरलेली होती. दिवा लागेपर्यंत ती उचलायची नसते. गादीच्या मधोमध घरातली करडी मांजर पाय पोटाशी घेऊन झोपली होती.

"हिला कुणी येऊ दिलं तिथं?" अलिफबेक चिडून म्हणाला.

"राहू दे," आत्या म्हणाली. "दोन दिवस फिरकली नव्हती तिकडे. दारातूनच गादीकडे बघायची आणि अंग फुलवून पळायची. आज विमान उतरलं आणि जरा वेळानं ही येऊन पसरली."

दिवा लावणारे खलिफा, वस्तीतले धर्मगुरू, खांबाला टेकून कापसाची वात वळत होते. त्यांची बोटं क्षणभर थांबली. मांजरीकडे पाहून ते परत वात वळायला लागले.

दुपारी दोनच्या सुमारास नुक्राचा फोन वाजला. रझिया खाला होती.

"काय गं, बापाला बरं नाही म्हणालीस ना? चांगला खडखडीत आहे की."

"कोण?"

"कोण काय? तुझा बाप. तुझ्या दाराशी उभा होता. मी म्हटलं, कोण हवंय? म्हणाला, माझी मुलगी इथं राहते. मी म्हटलं, ती तुम्हालाच भेटायला गेली सकाळी. तर नुसता बघत राहिला माझ्याकडे. पायात धड बूट नाहीत बिचाऱ्याच्या. आत घेतलाय मी. पहिला वाडगा झाला, दुसरा ओतते आहे."

नुक्रा अंगणात आली. ऊन स्वच्छ होतं. कुणीतरी फसवतंय, हा पहिला विचार. म्हातारी एकटी, दार उघडं, पेन्शनचा दिवस. तिनं आवाज शांत ठेवला.

"खाला, तो माणूस दिसतो कसा?"

"दिसतो कसा म्हणजे? तुझं नाक त्याच्या तोंडावर लावलंय. तुमच्याकडची गोल टोपी. करडा कोट. मधलं एक बटण पितळी, बाकीची काळी. शिवून देणारं कुणी नाही वाटतं घरात?"

"अजून काय बोलतो?"

"फार नाही बोलत. आला तो सरळ खिडकीशी गेला, वर पाहिलं आणि म्हणाला, आठातले तीन. मी म्हटलं, काय तीन, साखर? तर हसला. हसतो छान गं. असा पाहुणा नऊ वर्षं लपवून ठेवलास?"

नुक्रानं मान वळवली. अंगणाच्या भिंतीशी ऐदार बसला होता, वडिलांना अंघोळ घालणारा. गेलेल्याच्या अंगावरचे कपडे अंघोळ घालणाऱ्याला द्यायचे असतात. ऐदारच्या अंगात तो करडा कोट होता. मधलं बटण पितळी होतं, विमानतळाच्या जुन्या गणवेशाचं. नुक्रानंच ते शिवलं होतं, निघायच्या आदल्या रात्री, नऊ वर्षांपूर्वी.

"खाला," ती म्हणाली, "मी थोड्या वेळानं फोन करते. त्यांना... त्यांना चहा द्या."

"देतेय की. शिकवतेस काय मला?"

ती भिंतीच्या सावलीत उभी राहिली आणि जे येत होतं तेच करू लागली. तिचं विमान उतरलं. प्रवासी चढले, अर्ध्या तासात ते परत उडालं. पन्नास मिनिटं. विमानतळापासून तिच्या घरापर्यंत बस, बसथांब्यापासून म्हाताऱ्या पावलांनी चालत. तीन मजले. प्रत्येक आकडा पुढच्याला जाऊन मिळत होता. कुठंही काही शिल्लक उरत नव्हतं. तिला फाटकाशी हाताला घासून गेलेलं ते कापड आठवलं आणि तिनं तो हात दुसऱ्या हातानं धरला.

अलिफबेकला तिनं सांगितलं तेव्हा तो आधी रागावला. मग ऐदारच्या कोटाकडे बघत राहिला. मग आत जाऊन खलिफांना घेऊन आला.

खलिफांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांनी ना डोळे मिटले, ना काही पुटपुटले. एखाद्याचं जनावर पलीकडच्या गावात गेलंय असं सांगावं, तसं त्यांनी ते ऐकलं.

"नियाजला कधी एका जागी बसवलंय?" ते म्हणाले. "विमान वेळेवर आलं नाही की हा फाटकाशी. दोन दिवस तुझी वाट पाहिली. आज निघाला असेल बघायला."

"पण मी आज आलेच होते."

"तू आलीस, तो निघाला. फाटक एकच आहे."

"तुम्हाला हे खरं वाटतं?"

"मला काय वाटतं त्याला काय करायचंय, पोरी? मला संध्याकाळी दिवा लावायचाय. घरात माणूसच नाही, तर तो कुणाला वाट दाखवणार?"

"आज नाही लावला तर?"

खलिफांनी थोडा विचार केला. "माझ्या हयातीत तसं झालेलं नाही," ते म्हणाले.

"आपा," अलिफबेक हळूच म्हणाला, "त्यांना बोलाव. तुझंच ऐकतील. माझं कधी ऐकलंय?"

नुक्रा त्याच्याकडे बघत होती, पण तिला वेगळंच दिसत होतं. चारला दुसरं विमान परत जाणार होतं. पाचला ती दुशान्बेत असती, साडेपाचला घरी. जिना चढला, की खालाच्या उघड्या दारातून दिसले असते. खिडकीशी उभे, हातात वाडगा. तिला दुसरं काही नको होतं. दोन दिवस ती त्या पांढऱ्या आभाळाखाली हेच मागत होती. एकदा चेहरा.

"मी विमानतळावर जाऊन येते," ती म्हणाली.

"जायला की यायला?" अलिफबेकनं विचारलं.

ती चढ उतरू लागली होती.

धावपट्टीच्या कडेला विमान उभं होतं, दार उघडं. कॅप्टन दिलोवर खाली उतरून सिगारेट ओढत होता. नुक्राच्या हातचे कागद घेऊन तो शेकडो वेळा उडाला होता.

"एक जागा आहे," तो म्हणाला. "कुणीतरी यायचं रद्द केलं. तुझ्यासाठीच म्हण. पण लवकर ठरव, पश्चिमेकडून परत भरून येतंय. आज गेलो तर गेलो."

"आणि नाही गेले तर?"

"तर परवा. नाहीतर तेरवा. हे तू मला विचारतेस?" त्यानं तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि सिगारेट टाकली. "नियाजकाकांचं कळलं मला. तुला सांगतो, आजही शेवटच्या वळणावर आलो की कान त्यांच्याच आवाजाची वाट पाहतात. आताचा पोरगा नुसते आकडे वाचतो."

नुक्रा शिडीपर्यंत गेली. शिडीची पहिली पायरी उन्हानं तापली होती. पाय उचलायचा तेवढाच होता.

पण सवयीनं तिचं मन पुढचं मांडत होतं. ती इथून निघाली, की ते तिथून निघणार. ती तिथं उतरेल तेव्हा ते त्या फाटकाशी असतील, बोचकी घेतलेल्या लोकांत, आणि कुणाची तरी बाही तिच्या हाताला घासून जाईल. किंवा तसं होणार नाही. ते तिथंच असतील, खिडकीशी. ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहील, आणि इथं रिकाम्या घरात दिवा जळेल. मग ते तिथंच राहतील. उद्याही. पुढच्या हिवाळ्यातही. पायात बूट नसलेले.

यांतल्या कशाची भीती जास्त वाटली, ते तिला कळलं नाही.

तिनं शिडीवरचा हात काढला.

"जा तुम्ही," ती दिलोवरला म्हणाली.

विमानतळाच्या इमारतीमागे, वारा लागणार नाही अशा कोपऱ्यात उभं राहून तिनं खालाच्या घरी फोन लावला. पहिल्याच घंटेला उचलला गेला.

"बोल. आम्ही आत्ता जर्दाळूंच्या गोष्टी करत होतो. म्हणतो, तुमच्याकडे या आठवड्यात सगळा उतार पांढरा होतो. मी म्हटलं, आम्ही आपले ट्रॉलीबसच्या तारांखाली वाढलेले, आम्हाला काय दाखवता? तर म्हणतो, या एकदा. सरळ आमंत्रणच."

नुक्राच्या तोंडाशी आलं होतं. खाला, तो माणूस मंगळवारी गेला. पण म्हातारी त्या खोलीत एकटी होती, त्याच्यासमोर, हातात किटली घेऊन, आणि तिचा आवाज कितीतरी दिवसांनी असा हसरा लागला होता. नुक्रानं ते गिळलं.

"खाला, फोन त्यांच्या कानाशी धरता?"

"घे. हा घे."

फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेल्याचा आवाज झाला. मग काहीच नाही. श्वास नाही. पण ती शांतता रिकामीही नव्हती. डोंगरात खूप लांब, वळणापलीकडे विमान असतं, ऐकू येत नाही पण आहे हे कळतं, तसं काहीतरी त्यात होतं. ती थांबली. त्यांना काय म्हणावं ते तिला सुचेना. माफ करा, मी पोचले नाही. मला तुम्हाला पाहायचंय. थांबा तिथंच, हलू नका, मी येते.

तिनं वर पाहिलं. आभाळाचे आठ भाग केले.

"आठातले पाच," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच वडिलांच्या आवाजासारखा वाटला. "वारा पश्चिमेचा. खोरं उघडं आहे, बाबा. या."

मग खालाचा आवाज.

"काय सांगितलंस गं त्याला? उठला लगेच. टोपी नीट केली. डोळ्यांत पाणी आहे, पण हसतोय."

"ते निघतील आता. त्यांना जाऊ द्या, खाला."

"अगं पण त्याला थांबा माहीत नाही. येताना म्हणे लोकांबरोबर आलो. चल, सोडून येते मी."

"नको. तुम्ही नका जाऊ. एकट्याला जाऊ द्या त्यांना."

"पाहुण्याला एकट्याला दाराबाहेर घालवू? वेड लागलं काय तुला? माझ्या घरचा चहा प्यालाय तो."

"खाला, ऐका माझं. दाराशीच थांबा. उंबऱ्याबाहेर—"

"कोट घालतेय, ऐकू येत नाही नीट. हे बघ, हातसुद्धा पुढे केलाय त्यानं. जुन्या वळणाचा माणूस आहे हो तुझा बाप."

"खाला, ते..."

फोन ठेवल्याचा आवाज झाला.

तिनं पुन्हा लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला.

कोपऱ्यापलीकडे विमानाची इंजिनं सुरू झाली. दिलोवर उडाला, वळला, कड्याआड गेला. आवाज विरला. नुक्रा स्वतःला समजावत होती. थांबा चौकातच आहे. जायला दहा मिनिटं, यायला दहा. खाला वाटेत कुणाशी तरी बोलत उभी राहील, भाजी घेईल. अर्ध्या तासात घरी येईल.

अर्ध्या तासानं तिनं फोन केला. मग पुन्हा दहा मिनिटांनी. त्या इमारतीतल्या दुसऱ्या कुणाचा नंबर तिच्याकडे नव्हता. नऊ वर्षांत कधी लागला नव्हता.

संध्याकाळी घर माणसांनी भरलं. पुरुष आतल्या ओट्यांवर, बायका दाराजवळ. खलिफांनी वात तुपात बुडवून ठेवली होती, पण पेटवली नव्हती. ते गादीकडे पाहत होते. सगळेच तिकडे न पाहिल्यासारखं करून पाहत होते.

मांजर जागी झाली. तिनं डोकं वर केलं, दाराकडे रोखून पाहिलं. मग गादीवरून उतरली आणि भिंतीला घसटत, घाईनं बाहेर निघून गेली.

"लावतो," खलिफा म्हणाले.

वात पहिल्याच काडीला पेटली. ज्योत सरळ उभी राहिली. कुणीतरी रबाबाच्या तारा छेडल्या, म्हणणारे हळू आवाजात प्रार्थना म्हणू लागले. अलिफबेक गुडघ्यांत डोकं घालून रडत होता. दोन दिवसांत पहिल्यांदा रडत होता. घर तेच होतं, माणसं तीच होती. पण मघाशी जी पोकळी जाणवत होती ती भरली होती, आणि ते सगळ्यांना कळत होतं. नुक्रालाही. गादीकडे तोंड करून ती बसली. तिथं चादरीवरच्या सुरकुत्यांखेरीज काही नव्हतं. तरी ती पाहत राहिली. चेहरा जिथं असता तिथं.

आले, असं तिला वाटलं. आणि वाटलं म्हणून ती रडली.

मग तिला दिसलं, दाराजवळच्या बायका सरकत होत्या.

कुणी सांगितलं नव्हतं. उशिरा आलेल्या माणसाला जागा द्यावी, तसं एकीनं पाय जवळ घेतले, दुसरीनं ओढणी आवरली. एक माणूस आत जाईल एवढी वाट झाली.

ती वाट मिटली नाही. बायका आणखी थोड्या सरकल्या. सवसनआत्याच्या शेजारी एक जागा मोकळी झाली.

नुक्रानं शालीखाली फोन काढला. खालाचा नंबर लावला. कानाशी धरला.

घंटा वाजत होती. त्या खोलीत, दार उघडं असेल, टेबलावर दोन वाडगे असतील. घंटा वाजत होती.

सवसनआत्या आपल्या शेजारच्या मोकळ्या जागेकडे झुकली होती. मान हलवत होती, मध्येच "हो का?" म्हणत होती. तिनं आपला चहाचा वाडगा हळूच त्या बाजूला सरकवला.

मग ती नुक्राकडे वळली.

"ही कोण गं तुमच्या शहरातली?" ती कुजबुजली. "चांगली आहे बाई. म्हणते, खाली पाहायची भीती वाटत होती, म्हणून सबंध वाट त्याचा हात धरून बसले होते."